पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण

त्या रजिस्टरबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं. भोसरी एमआयडीसीत एक कारखाना आहे, नाव नको, साठेक माणसं, दोन शिफ्ट, गाड्यांना लागणाऱ्या पिना, बुश, ब्रॅकेट असला छोटा माल बनतो, आणि तिथे स्टोअरच्या आतल्या खोलीत खिडकीखालच्या टेबलावर ते पडलेलं असायचं. लांबडं, पाठीला लाल कापड, कोपरे तेलकट बोटांनी काळे पडलेले. आत पट्टी लावून आखलेले दहा रकाने. चलन नंबर, तारीख, पार्टी, माल, किलो, नग, परत किती, रिजेक्ट किती, बाकी किती आणि शेवटी दिवस. पहिले नऊ रकाने निळ्या पेनने आणि हा शेवटचा पेन्सिलने, कारण तो दर शुक्रवारी खोडून नव्याने लिहावा लागायचा. कारखान्याला गुरुवारची सुट्टी, त्यामुळे आठवडा शुक्रवारी सुरू व्हायचा. खोडून खोडून त्या रकान्यातला कागद इतका पातळ झाला होता की खालच्या पानावरचे आकडे वर दिसायचे.

मी ते पहिल्यांदा नीट उघडून बघितलं २०१९ च्या जुलैमध्ये. आमची सिस्टम तिथे लाईव्ह होऊन साडेतीन महिने झाले होते. आणि त्या सिस्टमचं स्कोप डॉक्युमेंट मी लिहिलेलं होतं.

मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. घरी कोणी विचारलं की नक्की काय करतेस तर मी सांगते की सॉफ्टवेअर बनवणारे आणि ते वापरणारे यांच्या मधे बसते, काय बनवायचं ते ठरवते. पण खरं सांगायचं तर कामाचा अवघड भाग म्हणजे काय बनवायचं नाही ते ठरवणं. काय हवंय याची यादी कोणीही देतं, पहिल्याच मीटिंगमध्ये चहा यायच्या आत दोन पानं भरतात. त्यातलं काय ठेवायचं आणि काय बाजूला काढायचं, ती रेघ कुठून मारायची, याला स्कोप म्हणतात, आणि प्रोजेक्टचं पुढचं सगळं बरंवाईट त्या रेघेवर ठरतं असं माझं ठाम मत आहे.

तर २०१८ च्या दिवाळीनंतर हे काम आलं. मालकांना परचेस, स्टोअर, प्रॉडक्शन, डिस्पॅच आणि बिलिंग एका ठिकाणी हवं होतं. हिशेब टॅलीतच राहणार होता, तो आमच्याकडे नव्हता. पाच महिने हातात, कारण १ एप्रिलला नवीन आर्थिक वर्षाबरोबर सुरू करायचं ठरलेलं, आणि बजेटही मोजकं. साहजिकच काहीतरी कापावं लागणार होतं आणि आम्ही कापलं ते जॉब वर्कचं रिकन्सिलिएशन, म्हणजे बाहेर कामाला पाठवलेला माल आणि परत आलेला माल यांचा मेळ.

हे काय असतं ते थोडं सांगते, कारण त्याशिवाय त्या दहा रकान्यांची किंमत कळायची नाही. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवडला गाड्यांचे मोठे कारखाने आले आणि त्यांना पार्ट पुरवणारी ही छोटी शॉप भोसरी, चिंचवड, पुढे चाकणपर्यंत उभी राहिली. एका शॉपमध्ये सगळं होत नाही. एखादी साधी पिन घ्या, बार कापला एका शेडमध्ये, टर्निंग दुसऱ्या शेडमध्ये, मग हीट ट्रीटमेंटला तिसरीकडे, ग्राइंडिंग चौथ्याकडे, प्लेटिंग पाचव्याकडे आणि मग ती आपल्याकडे येऊन इन्स्पेक्शन होऊन कंपनीत जाते. म्हणजे माल मालकाचा पण फिरतो तो दुसऱ्यांच्या शेडमधून, टेम्पोत, चलनावर. एक्साइजच्या काळात या चलनाला ५७ एफ ४ म्हणायचे, त्या वेळच्या नियमाचा नंबर तो. एक्साइज गेलं, १ जुलै २०१७ ला जीएसटी आलं, तरी जुनी माणसं अजून टेम्पोवाल्याला विचारतात, सत्तावन्न एफ फोर आणलंस का रे. जीएसटीत याचं कलम १४३. पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे किंवा वेंडरकडूनच, म्हणजे ज्याच्या शेडमध्ये कामाला दिला त्याच्याकडूनच, पुढे गेला पाहिजे, नाही आला तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं, म्हणजे टॅक्स आणि वर व्याज. मशिनरीसारख्या मालाला तीन वर्षं. जिग, फिक्स्चर, डाय यांना ती मुदत लागू नाही. आणि कुठे किती गेलं, किती आलं याची माहिती आयटीसी-०४ नावाच्या फॉर्ममध्ये भरायची, त्या वेळी दर तिमाहीला.

म्हणून दिवसाचा रकाना.

आता यातली खरी गाठ अशी की माल जातो किलोवर आणि परत येतो नगावर. साडेतीनशे किलो बार पाठवला, त्याच्या किती पिना व्हायला हव्यात, किती झाल्या, बर, म्हणजे कातताना निघालेला चुरा, वेंडरकडेच राहिली का परत आली, रिजेक्ट झाले ते आपल्या मटेरियलमुळे का त्याच्या कामामुळे, आणि आलेले नग हे कुठल्या चलनातले, कारण वेंडर काही एका चलनाचा माल एकदम परत देत नाही, मागच्या चलनाचे शंभर आणि या चलनाचे दोनशे असे एकाच टेम्पोत येतात. हे सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं म्हणजे प्रत्येक पार्टचं वजन, प्रत्येक स्टेजची घट, अर्धवट परतीची नोंद, सगळं आलं. मी अंदाज काढला, सात आठवडे जास्तीचे. मालक म्हणाले, "मॅडम, मार्च चुकला तर मला वर्ष चुकल्यासारखं आहे. हे आत्ता राहू द्या." मी लिहिलं, जॉब वर्क रिकन्सिलिएशन, आउट ऑफ स्कोप, फेज २ मध्ये विचार करू. चलन सिस्टममधून निघेल एवढं ठेवलं. मालकांची सही, आमच्या मॅनेजरची सही, माझी सही.

मला ती मीटिंग चांगली आठवते कारण स्टोअरचे काका तेव्हा केबिनमध्ये येऊन गेले होते. गेटपासवर सही घ्यायला आले, दारात उभे राहिले, मालकांनी सही केली, ते गेले. टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर तीच ओळ होती. त्यांना कोणी थांबा म्हटलं नाही, मीही नाही.

तो निर्णय चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. वेळ कमी होता, काहीतरी बाहेर ठेवायलाच लागणार होतं. चूक वेगळीच होती आणि ती मला जुलैमधल्या त्या संध्याकाळी दिसली. बाहेर धो धो पाऊस, नाशिक फाट्यापर्यंत रस्ता तुंबलेला, म्हणून मी थांबले होते. साडेसात वाजले होते, ऑफिसचे लाईट बंद, फक्त स्टोअरच्या आतल्या खोलीत ट्यूब चालू. काका चष्मा नाकावर घेऊन रजिस्टर भरत होते. शेजारी आमच्या सिस्टममधून छापलेल्या चलनांचा गठ्ठा. ते छापील चलन बघून हाताने रजिस्टरमध्ये उतरवत होते.

मी विचारलं, काका, हे सिस्टममध्ये आहे ना सगळं?

"गेलेलं आहे ताई. आलेलं नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. पूर्वी चलन त्यांच्याच हाताने लिहिलं जायचं, कार्बन घालून, आणि लिहिता लिहिताच रजिस्टरमध्ये ओळ पडायची. आता चलन कॉम्प्युटरवर वरच्या ऑफिसात निघतं. दिवसभर छापील कागद साचतात, ते संध्याकाळी उतरवायचे, परत आलेला माल जुन्या चलनांना लावायचा, शुक्रवारी दिवस खोडून लिहायचे आणि तिमाही संपली की सगळी यादी सीएच्या माणसाला वाचून दाखवायची. पूर्वी ते सहाला घरी जायचे. आता आठ वाजत होते.

म्हणजे आमच्या सिस्टमने त्यांचं काम दोन तासांनी वाढवलं होतं. मी विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत कोणाला? तर म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंय म्हटल्यावर असेल काहीतरी विचार."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. विचार होता, पण त्या विचारात ते कुठेच नव्हते. आपण लिहितो आउट ऑफ स्कोप आणि आपल्याला वाटतं ती गोष्ट संपली. कारखान्यातून ती जात नाही. माल गेला की परत येणारच, परत आला की कोणीतरी मोजणारच, वर्ष भरत आलं की कोणीतरी फोन करून वेंडरच्या मागे लागणारच. आपण फक्त आपल्या कागदावरून ते पुसतो आणि ते कोणाच्या तरी टेबलावर जाऊन पडतं, बहुतेक वेळा त्याच्या, जो मीटिंगमध्ये बसलेला नसतो.

त्याच वर्षी आमच्या गावाकडच्या जमिनीच्या वाटपाचं चाललं होतं, सासवडच्या बाजूला थोडी जमीन आहे आईकडची, आणि मामाने जुनी खरेदीखतं काढून ठेवली होती. गणपतीच्या सुट्टीत मी ती वाचत बसले. जमिनीचं वर्णन आलं की एक ठरलेली भाषा सुरू होते. येणेप्रमाणे चतुःसीमा, पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस शिवरस्ता, उत्तरेस तमक्याचा गट. मग पुढे जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह, आणि जाण्या-येण्याच्या वहिवाटीच्या हक्कासह. मी ते दोनदा तीनदा वाचलं. जमीन किती चांगली, काय पिकतं याबद्दल एक शब्द नाही. ती कोणाला लागून आहे हे सांगून ती सांगितली आहे. आत काय काय येतं तर पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड आणि पुरलेलं धन सापडलं तर तेसुद्धा. आणि तुमच्या जमिनीत जायला दुसऱ्याच्या बांधावरून वाट असेल तर ती वाटही लिहिलेली.

शेकडो वर्षं आपली माणसं स्कोप लिहीत आली आहेत आणि फार चांगला लिहीत आली आहेत, असं मला तेव्हा वाटलं. माझ्या डॉक्युमेंटमध्ये निधी-निक्षेप सोडा, पूर्वेस कोण हेच नव्हतं. आत काय येतं त्याची यादी होती, बाहेर काय त्याची यादी होती, पण रेघेच्या पलीकडे कोण राहतं, त्याचं नाव काय, आणि त्याच्याकडे जायची वाट कुठून आहे, यातलं काही नव्हतं. गावात हद्द कायम करायला मोजणीवाला येतो तेव्हा लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते, शेजाऱ्यांना कळवल्याशिवाय मोजणी होत नाही. मी शेजाऱ्याला न बोलावता हद्द ठरवली होती.

खरं तर आमच्या धंद्यात हे शिकवलेलं असतं. १९७० च्या दशकात स्ट्रक्चर्ड अ‍ॅनालिसिस म्हणून पद्धत आली, टॉम डीमार्को वगैरे मंडळींनी १९७८ च्या सुमारास ती नीट मांडली, त्यात पहिली आकृती काढायची ती कॉन्टेक्स्ट डायग्राम. कागदाच्या मधोमध एकच गोल, ती आपली सिस्टम, आत काही काढायचं नाही. भोवती चौकोन, जे जे बाहेरचे आहेत ते. गोल आणि चौकोन यांच्यामध्ये बाण, आणि प्रत्येक बाणावर काय जातंय काय येतंय त्याचं नाव. बास. ही चतुःसीमाच आहे. मी ती त्या प्रोजेक्टला काढलीही होती, पण माझ्या चौकोनांमध्ये होते ग्राहक कंपनी, सप्लायर, वेंडर, टॅली, सीए, जीएसटी पोर्टल. सगळे कंपाउंडच्या बाहेरचे. स्टोअर मी गोलाच्या आत धरलं होतं. पण ज्या क्षणी आपण ठरवलं की मालाची परती सिस्टम बघणार नाही, त्या क्षणी काका गोलाच्या बाहेर गेले, त्यांचा स्वतंत्र चौकोन झाला, त्यांच्याकडे चलनं जाणार हा एक बाण झाला, आणि तो बाण नीट काढला असता तर निदान दिवसभराच्या चलनांची एक यादी एक्सेलमध्ये काढून द्यायची एवढं तरी सुचलं असतं. दोन दिवसांचं काम होतं ते. त्या जुलैत आम्ही ते करून दिलं आणि त्यांचा निम्मा वेळ वाचला. उतरवायचं थांबलं, लावायचं राहिलं.

वेंडरकडे बाण काढतानाही माझं तसंच झालेलं. जाणारा बाण जाड काढला, चलन असं लिहिलं. येणारा बाण काढलाच नाही कारण तो आपल्या स्कोपमध्ये नाही. पण आपल्या स्कोपमध्ये नाही म्हणून टेम्पो यायचा थांबतो का? आता मी नियम केला आहे, जो बाण आपण हाताळणार नाही तोही काढायचा, तुटक रेघेने, आणि तो कुठे जाऊन टेकतो तिथे माणसाचं नाव लिहायचं. पदाचं नाही, माणसाचं.

स्कोपची दुसरी बाजू म्हणजे वाढणं. त्याला आमच्याकडे स्कोप क्रीप म्हणतात, पण पुण्यात क्लायंटच्या तोंडी त्याला शब्द आहे "जाता जाता". मॅडम, जाता जाता एवढी हजेरी पण घ्या ना. बायोमेट्रिक मशीन आहेच, आकडे तिथून येतील, तुम्ही फक्त दाखवायचे. याच कारखान्यात जानेवारीत हे निघालं. ऐकायला एका स्क्रीनचं काम. पण हजेरी आली की पाठोपाठ शिफ्ट आली, दुसऱ्या शिफ्टचा माणूस पहिलीला आला तर काय, मग ओव्हरटाइम आला, ओव्हरटाइम आला की पगार आला, पगार आला की उचल आली, गणपतीला घेतलेली उचल दिवाळीच्या बोनसमधून कापायची का हप्त्याने, मग पीएफ, ईएसआय म्हणजे कामगारांचा विमा, कॉन्ट्रॅक्टरची माणसं वेगळी, त्यांचं चलन वेगळं. मी तेव्हा मालकांच्या समोर कागदावर ही साखळी एकेक करून लिहून दाखवली आणि म्हटलं दादा, हे मी नाही म्हणत नाही, पण हे दुसरं शेत आहे. त्यांनी ऐकलं. १ जुलै २०१९ ला ईएसआयचे दर बदलले, मालकाचा हिस्सा ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ आणि कामगाराचा १.७५ वरून ०.७५ झाला. आपण पगार आत घेतला असता तर लाईव्ह झाल्यावर तीन महिन्यांत तो बदल आपल्या अंगावर होता. त्यांचा पगार बघणारा माणूस आधीपासून होता, वर्षानुवर्षं तेच करत होता, त्याने तो बदल करून टाकला.

गावाकडे याला बांध कोरणं म्हणतात. दर नांगरटीला शेजाऱ्याच्या बांधाला वीतभर आत जायचं. एका वर्षी कळत नाही, दहा वर्षांनी बांध दुसरीकडेच असतो. आणि मी हे प्रामाणिकपणे सांगते की बांध दोन्हीकडून कोरला जातो. क्लायंट जाता जाता म्हणून वाढवतो तसं आम्ही सॉफ्टवेअरवाले गुपचूप कमी करतो. रिपोर्ट असं लिहिलेलं असतं, आम्ही एक साधी यादी देतो आणि म्हणतो हाच रिपोर्ट. डेटा घेऊ असं लिहिलेलं असतं, पण जुना डेटा साफ कोण करणार ते लिहिलेलं नसतं. या कारखान्यात आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, एम ८ बोल्ट चार नावांनी होता, एम-८ बोल्ट, बोल्ट ८ एमएम, हेक्स बोल्ट ८ आणि नुसताच बोल्ट. आम्ही म्हणत होतो ते तुमचं काम, ते म्हणत होते सिस्टम तुमची, आणि ३१ मार्चला रात्री स्टॉक मोजताना एकाच खोक्यावर दोन चिठ्ठ्या लागल्या तेव्हा सगळ्यांनी मिळून पहाटे चारपर्यंत बसून ते निस्तरलं. सिस्टममध्ये काय असेल हा एक स्कोप आणि ती उभी करायला कोण काय काम करेल हा दुसरा, हे दोन वेगळे लिहिले पाहिजेत.

कधी कधी मालकच शेत वाढवतो, पेरणी झाल्यावर. अमेरिकेत डेन्व्हरचा नवा विमानतळ होत होता तेव्हाची गोष्ट आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात. सामान आपोआप वाहून नेणारी यंत्रणा आधी एका विमान कंपनीच्या भागापुरती होती, मग विमानतळाचं बांधकाम बरंच पुढे गेल्यावर ठरलं की ती सगळ्या विमानतळालाच लावायची. उघडायची तारीख होती ऑक्टोबर १९९३, उघडला २८ फेब्रुवारी १९९५ ला, आणि ती यंत्रणा पुढे २००५ मध्ये बंदच केली. मला यात विशेष वाटतं ते हे की गोष्ट तीच होती, बॅगा इकडून तिकडे न्यायच्या, फक्त हद्द हलली. कामाचं स्वरूप बदललं नाही म्हणून कोणाला वाटलं नसेल की हे नवीन काम आहे.

हद्द सरकारही हलवतं, आणि तिथे तर कोणाला विचारायची सोय नाही. ई-इन्व्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायचा नियम, आलं १ ऑक्टोबर २०२० ला, तेव्हा ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना. मग टप्प्याटप्प्याने १००, ५०, २० असं खाली येत १ ऑक्टोबर २०२२ ला १० कोटींवर आलं आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. आमचा हा कारखाना १० च्या थोडा वरचा, म्हणजे २०२२ च्या दसऱ्याच्या तोंडावर त्यांना लागू झालं. पण तिथे धावपळ झाली नाही, कारण जीएसटी पोर्टल हा चौकोन पहिल्या दिवसापासून कागदावर होता आणि बिलिंगकडून तिकडे जाणारा बाणही होता, तो बाण पुढे रुंद होणार हे धरून आम्ही बिलाची रचना ठेवली होती. जिथे शेजारी माहीत होता तिथे निभावलं.

काकांकडे परत येते. फेज २ होणार होती २०१९ च्या दिवाळीत. पण ते वर्ष गाड्यांच्या धंद्याला वाईट गेलं, शेड्यूल घटली, मालक म्हणाले मार्चनंतर बघू. आणि मग २५ मार्च २०२० पासून लॉकडाऊन. शटर जशी होती तशी पडली, कोणाचा माल कोणाच्या शेडमध्ये, काही प्लेटिंगच्या टाकीशेजारी, काही टेम्पोत. पुढे हळूहळू परवानग्या मिळून कामं सुरू झाली तेव्हा ग्राहक कंपनीने पहिलाच प्रश्न विचारला, तुमच्याकडे तयार किती, अर्धवट किती आणि कुठे. आमच्या सिस्टमने सांगितलं काय काय गेलं. परत काय आलं हे तिला कधी शिकवलंच नव्हतं. मालकांनी मला फोन केला आणि मी सांगितलं, दादा, काकांचं रजिस्टर. काकांनी २३ तारखेला, शॉप बंद व्हायच्या आधी, शेवटची ओळ लिहून खाली तारीख घातली होती आणि रजिस्टर पिशवीत घालून घरी नेलं होतं. फोनवर त्यांनी ते पान पान वाचून दाखवलं, मी इकडे कोथरूडला डायनिंग टेबलवर बसून एक्सेलमध्ये भरलं. सकाळी दहाला सुरू केलं, मधे जेवायला अर्धा तास, चार वाजता संपलं. अकरा वेंडर, एकशे चाळीस चलनं. पुढच्या आठवड्यात एकेका वेंडरला फोन लागले तेव्हा दोन चलनं सोडून सगळं जुळलं.

त्या दिवशी ते वाचत होते आणि मला ऐकताना कळत होतं की या माणसाच्या डोक्यात जी सिस्टम आहे ती मी कधी विचारूनच घेतली नाही. वाचता वाचता ते सहज सांगायचे, हा वेंडर किलो कमी लिहितो, याच्याकडे वजनकाटा जुना आहे, दोन टक्के धरून चालायचं. याचा माल नेहमी दोन हप्त्यांत येतो, पहिला लगेच आणि दुसरा आठवण केल्यावर. ही वहिवाट. खरेदीखतात हिला वेगळी ओळ असते.

२०२० च्या दिवाळीनंतर फेज २ केली. यावेळी पहिली बैठक स्टोअरच्या आतल्या खोलीत घेतली, त्यांच्या टेबलावर, मालक स्टुलावर बसले. दहाच्या दहा रकाने स्क्रीनवर आले. शेवटचा रकाना आता आपोआप बदलतो, तीनशे दिवस झाले की ओळ लाल होते. काकांनी एकच मागितलं, वेंडरच्या नावापुढे शेरा लिहायला जागा. ती दिली. दोन वर्षांनी ते रिटायर झाले.

आता मी स्कोप कसा लिहिते ते सांगते. प्राधान्य ठरवायची एक जुनी पद्धत आहे, मॉस्को म्हणतात, रशियाशी संबंध नाही, डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये काढली. चार कप्पे, असायलाच हवं, असावं, असलं तर बरं, आणि यावेळी नाही. मी ती वापरते, चांगली आहे. पण लोक पहिल्या तीन कप्प्यांवर तास तास भांडतात आणि चौथ्यात वस्तू टाकून पुढे जातात. मी चौथ्या कप्प्याला तीन रकाने जोडते. हे काम आता कोण करतं. आपली सिस्टम आल्यावर ते कोण करणार, कशावर, किती वेळ लागेल. आणि त्या माणसाची सही. मालकाची सही चालत नाही तिथे. सुरुवातीला लोकांना हे विचित्र वाटतं, एका ठिकाणी मॅनेजर म्हणाले स्टोअरच्या पोराची सही कशाला स्कोपवर. मी हट्ट धरते. कारण सही करायची वेळ आली की माणूस वाचतो, आणि वाचलं की विचारतो.

गेल्या महिन्यात चाकणला एका शॉपमध्ये हेच चाललं होतं. डाय आणि फिक्स्चरचं मेंटेनन्स रेकॉर्ड आपण यावेळी बाहेर ठेवलं, ते टूल रूममधला एक मुलगा बघतो, असेल पंचवीस-सव्वीसचा. त्याला बोलावलं, ओळ वाचून दाखवली, म्हटलं हे तुझ्याकडेच राहणार आहे, कागदावर, निदान वर्षभर, आणि डाय नंबर आता सिस्टममधून येणार म्हणून तुला जुने नंबर आणि नवे नंबर दोन्ही लिहायला लागतील, रोजची वीस मिनिटं वाढतील. त्याने कागद हातात घेतला, परत वाचला. मग मालकांकडे बघून म्हणाला, "साहेब, करतो की. पण मग मला एक कपाट लागेल कुलपाचं. आत्ता कार्डं मशिनवर पडतात, कुलंट लागतं, अक्षर जातं."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी स्कोपमध्ये ओळ टाकली, टूल रूमसाठी कुलपाचं कपाट एक, लाईव्ह व्हायच्या आधी. त्याने त्याखाली सही केली.